मक्याच्या दोन खेपा: भूम तालुक्यातल्या एका गोठ्याचा ऑक्टोबर

पार्श्वभूमी

हे घर धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातलं. गावाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही, बाकी सगळं घरच्यांना विचारूनच लिहितोय. त्यांनीच सांगितलं की नावं तेवढी सोडा आणि झालं ते झालं तसं लिहा, पुढच्या दसऱ्याला दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान वाचंल. मी या पट्ट्यात गाई भरवायचं (कृत्रिम रेतनाचं) आणि जनावरांच्या प्रथमोपचाराचं काम करतो, 11 वर्षं झाली, त्यामुळं आठवड्यातून एकदोनदा त्या गोठ्यात पाय लागतोच.

घरात अण्णा, काकू, थोरला, थोरल्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी, धाकटा (अजून लग्न व्हायचंय) आणि शाळेत जाणारी दोन पोरं. रान 7 एकर, त्यात 4 एकर म्हणजे बियाण्याच्या 4 बॅगा सोयाबीन, दीड एकर मका, विहिरीजवळ अर्धा एकर नेपिअर गवत आणि एक एकर रब्बी ज्वारीसाठी मोकळं ठेवलेलं. दावणीला 7 संकरित होलस्टीन गाई, त्यातल्या 5 दुधात, 2 म्हशी, 3 कालवडी आणि काकूंची एक देवणी गाय. देवणी दिवसाला तीन लिटरच्या वर कधी गेली नाही, पण तिच्या विकायचा विषय काढायची घरात कुणाची हिंमत नाही.

भूम-वाशी हा पट्टा खव्याचा. कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव लांबवर आहे, पण त्याच्या मागं गावोगावच्या भट्ट्या आणि अशाच पाच-दहा जनावरांचे गोठे आहेत. पाऊस कसाही पडो, दहा दिवसाला येणारा दुधाचा पगार हाच घरचा किराणा, दवाखाना, शाळेची फी. सोयाबीन वर्षातून एकदा येतं आणि सोसायटीच्या हप्त्यात जातं. ही दोन चाकं आहेत घराची आणि ऑक्टोबरात दोन्ही एकदम ओढायची असतात, तीही त्याच पाच माणसांनी.

कारण दसरा ते भाऊबीज या तीन आठवड्यांत काय काय येतं बघा. सोयाबीन काढायचं, बनीम (काढलेल्या सोयाबीनचा ढीग) लावायची, मळणी करायची, ज्वारी पेरायची, मका चिकात आला की मुरघास (हवाबंद आंबवून ठेवायची हिरवी वैरण) घालायचा, लाळ-खुरकूताची लस टोचून घ्यायची, त्यात म्हशी भाद्रपद-आश्विनात वितात म्हणून रात्रीची जागरणं, आणि वर दिवाळी. दुपारी ऊन असं की संकरित गाई जीभ बाहेर काढून धापा टाकतात आणि पहाटे धार काढताना हात गारठतात. दोन्ही वेळच्या धारा वहिनी काढतात, डेअरीला कॅन धाकटा नेतो, आणि पावती आली की वहिनी कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात वर लिटर आणि खाली एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, ज्यावर रेट ठरतो) लिहून ठेवतात, बारीक अक्षरात. हे कॅलेंडर पुढं लई कामाला आलं.

अडचण

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली ती सगळ्यांनी बघितली, सीना-मांजराकाठची गावंच्या गावं पाण्यात गेली. या घराचं रान नदीकाठी नाही त्यामुळं माती वाहून गेली नाही, पण मक्याचा खालचा एकरभर तुकडा पार चिबडला, पाय घातला की घोट्याच्या वर चिखल. आणि गेल्या साली विकत घेतलेल्या कडब्याची गंज, सातआठशे पेंढ्यांची, तिच्या बुडात पाणी शिरलं. वरून ताडपत्री होती, पण गंज जमिनीवरच रचलेली होती, खाली ना दगड ना लाकडं. वरनं कोरडी दिसायची, मधे हात घातला की ओल आणि ऊब लागायची.

मका 7 जुलैला पेरलेला, म्हणजे दसऱ्याच्या दिवशी, 2 ऑक्टोबरला, 87 दिवसांचा. मुरघासाला मका कधी कापायचा तर दाणा चिकात असताना, कणीस मोडून दाण्याचा उभा भाग बघितला तर वरचा अर्धा पिवळा कडक आणि खालचा अर्धा पांढरा मऊ पाहिजे. तेव्हा ताटात ओलावा 65 ते 70 टक्क्यांच्या आसपास असतो, दाबला तर दबतो, हवा निघून जाते, आणि आंबायला लागणारी साखरपण असते. तो आठ-दहा दिवसांचा काळ असतो. त्याच्या आधी कापला तर पाणी सुटून घाण वास मारतो, उशिरा कापला तर ताट वाळतं, दबत नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते.

नेमकं त्याच आठ-दहा दिवसांत सोयाबीनपण आलं. पावसानं भिजलेलं, काही शेंगांत दाण्याला कोंब फुटलेले, आणि आता ऊन पडायला लागल्यावर वाळलेल्या शेंगा तडकायला सुरुवात. थोरला म्हणाला, "सोयाबीन थांबंना गेलंय, मका काय उभाच ऱ्हातोय." घरात सगळ्यांनी मान डोलावली. वहिनी तेवढ्या म्हणाल्या की मका हिरवा दिसतोय म्हणजे थांबतोय असं न्हाई, दाणा बघा. पण त्या वेळेला अण्णा मळणी मशीनवाल्याला फोन लावत होते.

समोर कोणते रस्ते होते

मी तिथं 3 तारखेला संध्याकाळी होतो, एक गाय माजावर होती म्हणून बोलावलं होतं, तेव्हा ओट्यावर बसून हीच चर्चा चालली होती. मांडलेले रस्ते साधारण असे.

पहिला, सोयाबीन काढायला गुत्त्यानं (ठेक्यानं) द्यायचं आणि घरच्या माणसांनी मका उरकायचा. गुत्तेवाली टोळी एकरी 4,500 मागत होती, चार एकराचे 18,000. अण्णा म्हणाले, औंदा सोयाबीन एकरी चार क्विंटल पडंल का न्हाई सांगता येईना आणि त्यातनं गुत्त्यालाच एवढे दिले तर हप्ता कशानं भरायचा. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजपण वाटत नाही, ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला 18,000 हा आकडा लई मोठा दिसतो.

दुसरा, सोयाबीन घरच्यांनी काढायचं आणि मका नंतर. तिसरा, उभा मका मुरघास करणाऱ्या व्यापाऱ्याला गुंठ्यावर देऊन टाकायचा आणि उन्हाळ्यात तयार बॅगा विकत घ्यायच्या. हा धाकट्यानं काढला होता. काकू म्हणाल्या, घरची वैरण इकून इकतची आनायची, आन तवा त्यो सांगंल त्यो भाव. तो विषय तिथंच मिटला.

कुट्टी मशीनवाला 4 तारखेला शनिवारी अर्धा दिवस मोकळा होता, त्याच्यापुढं त्याच्या वहीत दिवाळीपर्यंत जागा नव्हती. हा सगळ्यात मोठा निर्णयाचा क्षण होता आणि तो पाच मिनिटांत उरकला. ठरलं असं की शनिवारी वरचा अर्धा एकर, जिथं वापसा आहे, पाय रुतत नाही, तेवढा कापून घ्यायचा, खालचा चिबडलेला एकर सोयाबीन झाल्यावर बघू. म्हणजे पहिला आणि दुसरा रस्ता अर्धा-अर्धा. खालचा तुकडा हातानं कापून डोक्यावर बांधापर्यंत आणता आला असता, घरची पाचही माणसं आणि दोन दिवस लागले असते. पण तीच माणसं सोमवारपासून सोयाबीनमधे लागणार होती.

हिशोबपण त्याच रात्री झाला होता. माघापासून वैशाखापर्यंत चार महिने, दुधाची आठ जनावरं, दर जनावरी दिवसाला 15 किलो मुरघास, म्हणजे 14 टनाच्या वर. तो आकडा वहिनींनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिला.

काय केलं

4 तारखेची खेप मस्त झाली. सकाळी दव उतरल्यावर कापणी, बांधावर मशीन, तुकडा अर्धा-पाऊण इंचाचा, आणि लगेच बॅगेत. टनाच्या बॅगा, आत प्लास्टिकचं अस्तर. वहिनींनी कुट्टी मुठीत घेऊन आवळली आणि मूठ उघडली, गोळा तसाच राहिला आणि हळूहळू सुटला, तळहात ओला पण पाणी गळत नव्हतं. ही मुठीची परीक्षा मीच त्यांना मागच्या साली दाखवली होती, पण त्या माझ्यापेक्षा नेटानं करतात. थोरला आणि धाकटा बॅगेत उतरून थरावर थर तुडवत होते, कडंला जास्त, कारण हवा कडंलाच राहते. दुपारी दोनपर्यंत 5 बॅगा भरल्या, तोंडं आवळून बांधली. काकूंनी पाचही बॅगांना कुंकवाचं बोट लावलं.

मग 6 तारखेपासून सगळी माणसं सोयाबीनमधे. आणि इथं दुसरी गोष्ट घडली, जी कुणी ठरवली नव्हती म्हणून कुणाच्या लक्षात आली नाही. नेपिअर कापून आणायला आणि कुट्टी करायला रोज दीड-दोन तास लागतात. तेवढा वेळ कुणालाच नव्हता. त्यामुळं गंजीच्या पेंढ्या ओढून गव्हाणीत टाकायला लागले, सकाळ-संध्याकाळ. वरच्या चांगल्या पेंढ्या दोन-तीन दिवसांत संपल्या आणि मधल्या सुरू झाल्या. त्या सोडल्या की हिरवट-काळी भुकटी उडायची, कुबट वास यायचा. शाळेतून आलेली पोरं टाकायची वैरण, त्यांना काय कळणार. गाई नुसती नाकं लावून अर्धी वैरण तुडवायच्या, भुकेनं उरलेली खायच्या.

वहिनींनी कॅलेंडर बघून 12 तारखेला रात्री मला फोन केला. "भाऊजी, दूध कमी व्हायलंय आन एसएनएफ बी बसंना गेलाय. सप्टेंबरच्या 15 ला 64 लिटर व्हतं, आज 51." एसएनएफ 8.5 वरून 8.1 वर आला होता आणि डेअरीनं लिटरमागं रेट कापला होता. थोरल्याचं म्हणणं असं की ऊन वाढलंय, माणसं थकल्यात, दूध थोडं कमी होणारच.

मी 13 ला सकाळी गेलो. आधी सर्फच्या पाण्याची टेस्ट केली, चारही सडांचं दूध वेगवेगळं घेऊन. एका गाईच्या मागच्या उजव्या सडाचं दूध शेंबडासारखं घट्ट झालं, म्हणजे दगडी (कासेचा आजार) सुरू होत होती, वरनं कास नॉर्मल दिसत असली तरी. डॉक्टरांना बोलावून सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूब सुरू केल्या आणि तिचं दूध चार दिवस वेगळं काढायला सांगितलं. पण एका सडानं 13 लिटर कमी होत नाही. मग मी गव्हाणीकडं गेलो आणि एक पेंढी सोडली. आत जोंधळ्याच्या पानांच्या बगलेत मखमलीसारखी हिरवी बुरशी, बोटाला लागली. मी ती पेंढी उचलून सरळ ओट्यावर अण्णांपुढं नेऊन ठेवली.

तिथं जे बोलणं झालं ते मला नीट लिहायचंय, कारण अशा वेळेला बहुतेक घरांत काय होतं ते मला माहिती आहे. थोरला म्हणाला, डेअरी कापायलीय तर चार दिवस दूध भट्टीवर घालू, तिथं फॅट-एसएनएफचं मशीन नाही, खवा किती पडतो ते बघून पैसे, आणि दिवाळीच्या तोंडावर भट्टीवाले दूध सोडत नाहीत. हिशोबानं बरोबर होतं, गाईच्या पाच लिटरला 850-900 ग्रॅम खवा पडतोच. मी म्हणालो की दादा, काही बुरशा वैरणीत विष सोडतात. त्यातलं अफ्लाटॉक्सिन गाईच्या पोटातून एका दिवसात दुधात उतरतं, ते उकळून जात नाही आणि आटवून तर नाहीच नाही, उलट पाच लिटरचं किलोभरात गोळा होतं. दुधात ते किलोला 0.5 मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही असा आपल्याकडं नियम आहे, म्हणजे किती थोडं पुरतं बघा. आपल्या दुधात ते आहेच असं मी म्हणत नाही, तपासलेलं नाही, पण ही पेंढी बघून मी माझ्या पोरीला ते दूध देणार नाही. वैरण बंद केली तर तीन-चार दिवसांत दूध निर्मळ होतं.

सगळे गप्प झाले. मग काकू म्हणाल्या, "चार दिवसांवर वसुबारस हाय. गाईला ओवाळायचं आन तिच्याच म्होरं नासकं टाकायचं? पोरं बी तेच दूध पेत्यात."

अण्णा उठले. त्या दिवशी सोयाबीनचं काम बंद ठेवलं, मळणी मशीनवाल्याला एक दिवस पुढं ढकललं, आणि गंज उलगडली. कडंच्या साधारण दोनशे पेंढ्या कोरड्या निघाल्या, त्या वेगळ्या करून उन्हात उभ्या केल्या. बाकीच्या उकिरड्यात घालून वर शेण आणि माती. त्या कडब्याला मागच्या साली किती पैसे गेले होते ते मला माहिती आहे आणि अण्णा उकिरड्याजवळ बराच वेळ उभे होते. दूध तीन दिवस डेअरीलापण घातलं नाही, भट्टीलापण नाही. चौथ्या दिवसापासून सुरू केलं. गव्हाणीत नेपिअर, सोयाबीनचं नवीन कोरडं भुसकट आणि पेंड. नेपिअर कापायचं काम धाकट्यानं पहाटे चारला उठून अंगावर घेतलं.

17 तारखेला वसुबारस झाली. वहिनींचा उपास, संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी, देवणी आणि तिच्या वासराला ओवाळणं. त्या दिवशी दूध 55 वर आलं होतं.

आता मका. सोयाबीन मळून पोत्यात जाईपर्यंत 19 तारीख, मग दिवाळी, कुट्टीवाला मिळाला तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, 24 ला शुक्रवारी. मका 109 दिवसांचा. खालची पानं करडी, कणीस मोडलं तर दाणा दातानं फुटेना. त्यात त्या मशीनची पाती बोथट, दिवाळीभर चाललेलं मशीन, तुकडे दीड-दोन इंचाचे पडायले होते. पातीला धार लावायला थांबलं असतं तर त्याचा पुढचा नंबर हुकत होता आणि आभाळ भरून येत होतं, म्हणून कुणी थांबलं नाही.

वहिनींनी परत मूठ आवळली आणि माझ्यापुढं उघडली. कुट्टी तळहातावरून भुश्यासारखी सांडली. "गोळाबी व्हईना गेलाय," एवढंच म्हणाल्या. मी म्हणालो की पाणी शिंपडावं लागंल आणि दुप्पट तुडवावं लागंल. थोरला दमलेला होता, म्हणाला पाणी घातलं तर सडंल. 7 बॅगा तशाच भरल्या. त्यानंतरच्या शेवटच्या 2 बॅगांना वहिनी स्वतः उतरल्या, दोन घागरी पाण्यात गूळ कालवून थराथरावर शिंपडलं आणि अंधार पडेस्तोवर तुडवलं. त्या दोन बॅगांना त्यांनी खूण म्हणून लाल चिंधी बांधली.

काय झालं

पहिल्या खेपेची बॅग 20 नोव्हेंबरला उघडली, 47 दिवसांनी. पिवळसर हिरवा रंग, आंबट-गोड वास, दाणे जसेच्या तसे. गाईंनी गव्हाण चाटून पुसून घेतली. दूध तोवर 61 वर आलेलं होतं, मुरघास सुरू झाल्यावर आठ दिवसांत 64 ला भिडलं आणि एसएनएफ 8.5 च्या वर बसला. पाचही बॅगा अशाच निघाल्या. खरं तर त्या उन्हाळ्यासाठी होत्या, पण कडबा गेल्यामुळं आत्ताच काढाव्या लागल्या.

दुसरी खेप येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) आधीच्या आठवड्यात उघडली. पहिल्या बॅगेचं तोंड सोडलं तर वाफ आली. कोपरापर्यंत हात घातला तर आत गरम, डिसेंबरच्या थंडीत. करपलेल्या तंबाखूसारखा वास आणि कडंला पांढऱ्या बुरशीची जाळी, कुट्टी त्या जाळीला धरून तुकड्या-तुकड्यानं निघत होती. ऑक्टोबरमधल्या कडब्यानंतर या वेळेला कुणाला काही सांगावं लागलं नाही, थोरल्यानंच ती बॅग ओढत उकिरड्याकडं नेली. 7 पैकी 3 बॅगा पूर्ण गेल्या. 4 बॅगांचा वरचा आणि कडंचा थर काढून आतलं वापरलं, पाव हिस्सा वाया. लाल चिंधीच्या दोन्ही बॅगा चांगल्या निघाल्या, पहिल्या खेपेइतक्या नाही, पण वास आंबट आणि बुरशी नाही.

म्हणजे 14 टनातनं हाताला 10 टन लागलं. 4 टनाची खोट. तयार मुरघास तेव्हा किलोला 6 रुपये सांगत होते, म्हणजे 24,000. ऑक्टोबरातल्या दुधाची घट आणि कापलेला रेट धरला तर आणखी पाच-सहा हजार, कडबा वेगळाच. आणि सोयाबीन? चार एकरात 17 क्विंटल झालं, हमीभाव 5,328 होता पण ओल जास्त म्हणून आडतीवर 3,900 नं गेलं. हप्ता भरला, दिवाळी झाली, हातात फारसं काही राहिलं नाही.

खोट भरून काढायला एक कालवड विकली. सात महिन्यांची गाभण होती, मीच भरवलेली. पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

यावर आम्ही येळवशीला रानात जेवायला बसलो तेव्हा लई वेळ बोललो, अण्णांनी स्वतःच विषय काढला.

गुत्त्याचा प्रश्न 18,000 का शून्य असा मांडला गेला, तिथं पहिली गफलत झाली. चारही एकर गुत्त्यानं द्यायची गरज नव्हती. दोन एकर दिलं असतं तर 9,000 गेले असते, आणि घरची माणसं दोन-तीन दिवस मोकळी होऊन खालचा मका 8-9 तारखेच्या आत बांधावर आला असता, कुट्टीला मशीन तेवढं दुसरं शोधावं लागलं असतं. 9,000 वाचवायला 24,000 ची वैरण गेली. हे गणित 3 तारखेला कागदावर मांडायला दहा मिनिटं पुरली असती, पण मुरघास घरचा असला की त्याला भाव आहे हेच कुणाच्या डोक्यात येत नाही, सोयाबीनची पट्टी हातात येते तशी मुरघासाची येत नाही ना.

पण माझ्या मनाला जे जास्त लागलंय ते वेगळं आहे. खालच्या तुकड्यात एकरभर हिरवा मका उभा होता आणि त्याच दिवसांत गाई बुरशी लागलेला कडबा खात होत्या. रोज संध्याकाळी रानातून घरी येताना त्याच मक्याच्या दोन ओळी कापून आणल्या असत्या, जनावरी 20 किलो, आठ जनावरांना 160 किलो, तर 6 ते 24 तारखेत तीन टन मका हिरवाच गव्हाणीत गेला असता. कडबा लागलाच नसता, दूध एवढं पडलं नसतं, आणि दुसऱ्या खेपेत तेवढाच कमी मका वाळला असता. नेपिअर कापायला वेळ नव्हता कारण ते विहिरीजवळ, घराच्या उलट्या अंगाला. मका तर सोयाबीनच्या बांधालाच लागून होता. हे घरातल्या कुणालाच सुचलं नाही, आणि मी 3 तारखेला तिथं बसलेलो असून मलापण सुचलं नाही. मुरघासाचा मका हा मुरघासाचाच, असं डोक्यात बसलेलं असतं.

पेरणीचंपण आहेच. दीड एकर एकाच दिवशी पेरला की एकाच दिवशी चिकात येतो. पाऊण एकर आधी आणि पाऊण एकर 12-15 दिवसांनी असा पेरला तर कुट्टीवाला, माणसं, आभाळ, सगळ्यांशी जमवून घेता येतं. आणि पाणी साचणाऱ्या तुकड्यात मका घालायचाच नाही. मका वाळलाच तर पाणी शिंपडून, बारीक तुकडा करून, दुप्पट तुडवून काम भागतं हे लाल चिंधीच्या बॅगांनी दाखवलं. थोरल्याला पाण्याची भीती होती ती ओल्या मक्याच्या अनुभवानं होती, वाळलेल्याला ती लागू नाही, हे मी त्या दिवशी नीट समजावून सांगायला पाहिजे होतं, नुसतं सांगून बाजूला व्हायला नको होतं.

कडब्याच्या गंजीखाली आता दगडाचा ओटा आणि त्यावर बाभळीची लाकडं आहेत, दीड फूट उंच. तेवढं दोन दिवसांत झालं.

आणि कॅलेंडर. 1 तारखेला दूध 60 होतं, 5 ला 58, 8 ला 55. आकडे भिंतीवर सगळ्यांसमोर होते, आणि ज्या बाईनं ते लिहिले तिनं दोनदा बोलूनपण दाखवलं होतं, दाण्याबद्दलपण आणि दुधाबद्दलपण. दिवसातून दोनदा गाईच्या कासेला जिचा हात लागतो आणि मुठीत कुट्टी धरून जी सांगू शकते, तिला 3 तारखेला ओट्यावर कुणी विचारलं नाही, ती आत स्वयंपाक करत होती. हे मी अण्णांसमोर म्हणालो. थोरला खाली बघत होता. अण्णा काही बोलले नाहीत, आंबिलीचा गडू तेवढा त्यांनी वहिनींकडं सरकवला.

नोव्हेंबरच्या शेवटी विहिरीजवळच्या रानात त्यांनी अर्धा एकर मका केलाय, दोन तुकड्यांत, बारा दिवसांच्या अंतरानं, दोन्ही तारखा नवीन कॅलेंडरवर लिहिल्यात. परवा गेलो तेव्हा पहिल्या तुकड्यातलं कणीस अण्णांनी सोलून आणलं होतं आणि वहिनींपुढं धरलं होतं, "बघ गं पोरी, चिकात आलाय का?" त्यांनी हात पदराला पुसले, नखानं दाणा दाबला, पांढरं दूध उडालं. "अजून धा-बारा दिवस," म्हणाल्या, आणि आत जाऊन बारा दिवसांपुढच्या चौकोनात कुट्टीवाल्याचा नंबर लिहिला, त्याच्याखाली लिहिलं, पाती आधी बघायची.